‘नाना आणि बंधू’ हा फलक मापात आणण्याबाबत

जबाब देणाराचे नाव: बंधू. (ओळखपत्रावर दुसरे नाव आहे. त्याची प्रत जोडली आहे. त्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळून बघत नाही.) वय: चौपन्न. धंदा: खुर्च्या विणणे व दुरुस्ती, ‘नाना व बंधू’ या दुकानात. राहणार: त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिना मागच्या गल्लीतून.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी आलो असून, विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, माझा थोरला भाऊ नाना व वहिनी असे तिघे राहतो. नानाचे वय त्रेसष्ट. माझे लग्न झालेले नाही. नाना परवा दुपारपासून घरी आलेला नाही. तो सापडावा म्हणून मी हा जबाब देत आहे. बाकी जे सांगतो ते त्याच्याशी संबंधित आहे म्हणून सांगतो, कोणाची कागाळी करायची म्हणून नव्हे.

आमचा धंदा जुन्या खुर्च्यांचा आहे. लाकूडकाम नाना करतो, वेताची बैठक मी विणतो. खुर्ची उभी राहते ती त्याच्यामुळे व बसता येते ते माझ्यामुळे, असे आम्ही गिऱ्हाइकांना गमतीने सांगत असू. दुकानात नवीन खुर्ची विकत मिळत नाही. दुकान सुरू केले तेव्हा नानाने सागाची एक लांब फळी घेतली, अक्षरे स्वतः कापली व मागून स्क्रूने बसवली. मी पॉलिश केले. त्यावर ‘नाना आणि बंधू’ असे आहे. हवालदार साहेब त्याला फलक लिहीत आहेत. आम्ही पाटी म्हणतो.

पाटीवरील बंधू म्हणजे मी. पाटी लागल्यापासून सगळा रस्ता मला बंधू म्हणतो. दूध टाकणारा म्हणतो, दवाखान्यात तसाच पुकारा होतो, वहिनीची आईसुद्धा बंधू आलेत का म्हणून विचारायची. माझे नाव पाटीवर का नाही, असे मी तेव्हा एकदा नानाला विचारले होते. तो म्हणाला होता, “नावं काय, ढिगानं मिळतात. बंधू मला एकच आहे.” मी पुन्हा विचारले नाही.

गेल्या महिन्यात नगरपालिकेचे फलक निरीक्षक आमच्या रस्त्यावर आले. दुकानांच्या पाट्यांसाठी नवीन नियम झाला आहे. पाटी दुकानाच्या दर्शनी दारापेक्षा रुंद असता कामा नये. पाट्या वाऱ्याने सुटतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यात पडतात, शिवाय एकाची पाटी दुसऱ्याच्या दारावर जाते, अशी कारणे त्यांनी सांगितली. नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही. पाटी कोणाच्या डोक्यात पडावी असे माझेही मत नाही. निरीक्षक माणूस सभ्य आहे. त्यांनी आमचेच स्टूल मागून घेतले, वर चढून टेप लावली व पाटी एक वीत जास्त भरते असे सांगितले.

नाना म्हणाला, “नवीन लहान पाटी करतो. त्यात काय.” त्यावर निरीक्षक म्हणाले, “तसं नका करू. फळी नवी लावलीत की फलक नवा झाला, आणि नव्या फलकांचे अर्ज सध्या घेणं बंद आहे. फळी तीच ठेवा. कापा, रंगवा, एखादं अक्षर बदला, आमचं काही म्हणणं नाही. पुढच्या महिनाअखेर मापात आणा म्हणजे झालं. नाहीतर गाडी येईल आणि अख्खी पाटीच घेऊन जाईल.” हे ते दोनदा म्हणाले. एखादं अक्षर बदला हेही ते दोनदा म्हणाले. तेव्हा आम्ही दोघे समोर उभे होतो.

आमच्या समोरच्या घड्याळजीने त्याच दिवशी करवत मागून नेली व ‘घड्याळ दुरुस्ती’मधले ‘दुरुस्ती’ कापून टाकले. आता त्याच्याकडे लोक घड्याळ विकत घ्यायला येतात व शिव्या देत परत जातात. हे पाहून नाना म्हणाला, आपण घाई करायची नाही.

पुढचे दिवस दुकानात तोच विषय होता. वहिनी सोडून सगळ्यांनी सल्ले दिले. पहिल्यांदा आम्ही अक्षरे जवळ सरकवून पाहिली. ती आधीच जवळ आहेत. ‘आ’चा काना ‘णि’च्या वेलांटीला टेकलेला आहे. मग एकच अक्षर काढून पाहू म्हटले. पुढचे एक काढले तर ‘ना आणि बंधू’ उरते. नाना म्हणाला, “दारातच ना म्हटल्यावर गिऱ्हाईक आत कशाला येईल?” मागचे एक काढले तर ‘नाना आणि बं’ उरते. त्यावर आम्ही दोघे बराच वेळ हसलो. वहिनी वरून खाली आली व काय झाले म्हणून विचारू लागली. नाना तिला सांगूही शकत नव्हता, इतका हसत होता. म्हणजे तोपर्यंत आमच्यात काहीही नव्हते, हे नोंदवून घ्यावे.

भांडण झाले ते तेरवा संध्याकाळी, दुकान आवरताना. नाना सरसाचे भांडे पुसत होता. तो म्हणाला, “मला वाटतं, ‘नाना’ तेवढं ठेवू. लोकांना माहीत आहे.” त्याच्या मनात काही वाकडे असेल असे मला आज वाटत नाही. त्याने माप घेतले होते व ‘नाना’ ठेवले तर फळी कापायला सोपी पडत होती. पण मला ते लागले. शब्दाला शब्द वाढला म्हणतात तसेही झाले नाही. शब्द सगळे माझेच होते.

काय बोललात ते शब्दशः सांगा, असे हवालदार साहेब म्हणाले. जबाबात ते गरजेचे आहे का, असे मी विचारले. माणूस कशामुळे गेला हे लिहावे लागते, असे ते म्हणाले. ते शब्दशः असे: “इतकी वर्षं पाटीवर माझं नाव नाही, नुसतं नातं आहे. तेही आता तुला जड झालं का? आणि तू कुणाच्या जोरावर एकटा ‘नाना’ लावणार? तुझा एक सांधा आता धड बसत नाही. हॉटेलच्या खुर्च्या हलतात म्हणून परत आल्या होत्या. तू झोपायला गेल्यावर मी त्यांना खिळे मारले.”

इथे एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. नाना सांध्यात खिळा मारत नाही. एका लाकडात खाच, दुसऱ्या लाकडाला जीभ, मध्ये थोडा सरस, बस. उभ्या जन्मात त्याने सांध्यात खिळा मारलेला नाही. खिळ्याची खुर्ची म्हणजे खोके, असे तो म्हणतो. गेल्या वर्षापासून त्याचा उजवा हात थोडा हलतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. खिळ्यांचे त्याला कधी कळू नये असेच मी ठरवले होते. ते मी सांभाळून ठेवले होते व त्या संध्याकाळी नेमके तेच बाहेर काढले.

नानाने भांडे खाली ठेवले. त्याने विचारले, “कुठल्या खुर्च्या?” मी म्हणालो, हॉटेलच्या, मघाशी सांगितले तेच. तो म्हणाला, “सगळ्या?” मी म्हणालो, चार. मग त्याने विचारले, “खिळे दिसतात का?” मी सांगितले की दिसत नाहीत, वेताच्या पट्टीखाली झाकले आहेत. तो “बरं” म्हणाला. त्यानंतर त्याने दिवा बंद केला व आम्ही वर जेवायला गेलो. जेवताना तो वहिनीशी बोलला. भाजीत मीठ कमी आहे असे म्हणाला. माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही. सकाळी बोलू असे मला वाटले होते.

सकाळी बोलायचे राहून गेले. वेत भिजत घातलेला होता तो मी उपसला, दोन बैठका पुऱ्या केल्या. नाना त्याच्या बाकावर पटाशी परजत होता. दुपारी मी दोन खुर्च्या हातगाडीवर घालून शाळेत पोचवायला गेलो. निघताना “येतो” म्हणालो. त्याने मान हलवली. हे आमचे शेवटचे बोलणे, जर त्याला बोलणे म्हणता आले तर.

मी परत आलो तेव्हा दारात स्टूल उभे होते, पायरीवर ताजा भुसा पडला होता व नाना दुकानात नव्हता. चहाला गेला असेल असे समजून मी भुसा झाडायला झाडू घेतला. तेवढ्यात घड्याळजी समोरून म्हणाला, “बंधू, वर बघा.” मी वर बघितले. पाटीवर ‘आणि बंधू’ एवढेच होते.

कारागीर म्हणून सांगतो, काप सरळ आहे. काटकोन बघायचा गुण्या लावून पाहिला, कुठेही केसभर फरक नाही. कापलेली कड पॉलिशपेपरने घासलेली आहे व तिला तेल लावलेले आहे. घड्याळजी म्हणतो, तो कापत असताना हात अजिबात हलला नाही. घड्याळजी बारीक काम करणारा माणूस आहे, त्याला हात हललेला कळतो. भुसा मी झाडला नाही. अजून तिथेच आहे.

त्याने ‘आणि’ का ठेवले ते मला सांगता येणार नाही. स्वतःचे नाव काढायचे होते तर ‘आणि’ही काढता आले असते. करवत हातात होती.

जाताना त्याने कपडे, पैसे वा पिशवी असे काही नेलेले नाही. चष्मा बाकावर आहे. गोळ्यांचे पाकीट चष्म्याखाली आहे. फक्त फळीचा कापलेला तुकडा नेला, ज्यावर ‘नाना’ असे आहे. अंगात पिवळट सदरा, खाकी पँट, खिशाला पेन्सिल. केस पांढरे. उजव्या अंगठ्याच्या नखावर जुना काळा डाग आहे. चालताना थोडा डावीकडे झुकतो, पण ते काखेत फळी असल्यामुळेही असेल.

घड्याळजीने त्याला बस थांब्याच्या दिशेने जाताना पाहिले. थांब्याजवळच्या फळवाल्याला मी विचारले. तो म्हणाला, एक म्हातारा बाकावर बसला होता, मांडीवर लाकडाची पाटी होती. कोणाची पाटी, असे फळवाल्याने विचारले तेव्हा तो “नानाची” म्हणाला. नाना कोण, असे विचारल्यावर “होता एक सुतार” म्हणाला. मग बस आली. कुठली बस ते फळवाल्याला आठवत नाही. तो गिऱ्हाइकात होता.

स्वतःच्या नावाची पाटी घेऊन फिरणारा माणूस शोधायला सोपा आहे, असे हवालदार साहेब म्हणाले. ते माझ्या मनाला बरे वाटावे म्हणून म्हणाले. मला बरे वाटले.

आमची एक बहीण दुसऱ्या गावी असते. तिला फोन केला. ती म्हणाली, “इथं नाही आला. तू काय बोललास त्याला?” मी काही बोललो असे मी तिला सांगितलेले नव्हते. नानाचे मित्र असे फारसे नाहीत. तो नाकासमोर चालणारा माणूस आहे. दुकान, घर, संध्याकाळी लाकडाच्या वखारीपर्यंत एक फेरी. वखारीत विचारले, दवाखान्यात विचारले, पुढच्या तीन थांब्यांपर्यंत चालत जाऊन विचारले. लोक विचारतात, तुमचे कोण? मी म्हणतो, भाऊ. मग ते विचारतात, नाव काय? इतकी वर्षे मला लोकांनी त्याच्या नावाने ओळखले. त्याचे नाव मी अनोळखी माणसाला पहिल्यांदाच सांगत होतो.

वहिनी रडलेली नाही. तिने मला सगळे विचारून घेतले व मीही काही लपवले नाही. खिळ्यांचेही सांगितले. ती म्हणाली, “मला माहीत होतं. ठोकल्याचा आवाज वर येतो, भाऊजी. त्यांनाही येत असेल.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “भांडायला घर नाही, जमीन नाही, म्हणून पाटीवर भांडलात का?” रात्री तिने तीन ताटे घेतली. आज सकाळी तीच म्हणाली की आता पोलिसात जा, मी त्यांच्या गोळ्या घेऊन घरी थांबते, ते आले आणि दार बंद दिसलं तर पुन्हा फिरून जातील.

काल निरीक्षक पुन्हा आले. त्यांनी टेप लावली, पाटी मापात आहे म्हणाले व वहीत खूण केली. मग खाली उतरून त्यांनी वाचले व विचारले, “हे काय नाव झालं? कोण आणि बंधू?” रस्त्यावरचे सगळे तेच विचारतात. शाळेतून सुटलेली मुले ओरडून विचारतात. मी निरीक्षकांना म्हणालो की नाव तेच आहे, माणूस तेवढा आणायचा आहे. ते ओशाळले. मी कापा म्हटलं नसतं तर, असे काहीतरी बोलू लागले. त्यात त्यांचा दोष नाही. नगरपालिकेविरुद्ध माझी तक्रार नाही. कोणावर संशय नाही. आमच्यात वाटणीचा वा पैशाचा वाद नाही. नानाच्या जिवाला काही बरेवाईट व्हावे असे वागणारा कोणी असेल तर तो मीच, व माझ्याबद्दल जे होते ते मी वर सांगितले आहे.

नानाने स्वतःला काही केले असेल असे वाटते का, असा प्रश्न साहेबांनी विचारला. मी नाही म्हणालो. ज्याला तसे काही करायचे असते तो कापलेल्या कडेला तेल लावत बसत नाही. हे मी स्वतःलाही दोन दिवस सांगत आहे.

पुढे, जबाब वाचून दाखवत असताना, खालील मजकूर माझ्या सांगण्यावरून वाढवला आहे.

हवालदार साहेबांनी पहिली ओळ वाचली. त्यात धंद्यापुढे त्यांनी ‘नाना व बंधू या दुकानात’ असे वाचले. मी त्यांना थांबवले व म्हणालो की दुकानाचे नाव ‘नाना आणि बंधू’ आहे, तुम्ही ‘व’ लिहिले आहे, ते दुरुस्त करा. ते म्हणाले, “अहो, अर्थ एकच. आम्ही इथं सगळीकडे ‘व’च लिहितो. जागा कमी लागते.”

मी ‘व’ असे एकदा मोठ्याने म्हणून पाहिले. साहेबांनी पाणी मागवले. मी टेबलाच्या कडेवर वितीने मोजून पाहिले. ना, ना, व, बं, धू. पुन्हा मोजले. ‘आणि’ला दोन विती लागतात. ‘व’ला एक वीतही लागत नाही. पाटी दाराच्या मापात बसते. चार बोटे उरतात.

ही पाटी आम्ही दोघांनी रोज वाचली आहे. ती वाचता वाचता आम्ही म्हातारे झालो. महिनाभर आम्ही ‘नाना’ काढू का ‘बंधू’ काढू करत बसलो. मधल्या शब्दाकडे दोघांपैकी एकानेही बघितले नाही. निरीक्षकांनी दोनदा सांगितले होते.

तरी माझी पोलिसांना विनंती आहे की नाना सापडल्यास त्याला घरी चल असे म्हणू नये. तो हट्टी आहे, येणार नाही. मी माफी मागितली असेही सांगू नये, ते मी समोर सांगीन. त्याला एवढेच सांगावे की ‘आणि’च्या जागी ‘व’ बसतो. ‘व’ कापायला लागेल व तो मला कापता येत नाही. शिवाय फळीचे दोन तुकडे पुन्हा जोडावे लागतील. तो सांधा त्यानेच करायचा आहे. पाटी सगळ्या रस्त्याच्या डोक्यावर राहणार, तिथे खिळा चालणार नाही. सोबतचा तुकडा बसमध्ये विसरू नये, कारण नवी फळी लावता येत नाही.

पहिल्या ओळीतली दुरुस्ती आता नको. लिहिले आहे तसेच राहू द्यावे.

हा जबाब मला शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये एकदा थांबवला त्याचे कारण वर आले आहे. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर उतरला आहे. बिलावर करतो तशी सही चालेल का, असे मी विचारले. चालेल म्हणाले.

करिता, नाना व बंधू

(सही) बंधू